घरातल्या एकाने तरी झाडाचे शास्त्र शिकावे

(बीड जिल्ह्यातील शेतकरी, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शेतकरी बंधू-भगिनींनो आणि बारावीचा निकाल हाती घेऊन मागच्या बाजूला बसलेल्या मुला-मुलींनो,

मी इथे बोलायला उभा राहण्यापूर्वी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, "सर, पोराला हॉर्टिकल्चरला घातलं तर नोकरी लागंल का?" प्रश्न सरळ आहे. पाच एकर कोरडवाहू जमीन, दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला निघणारे, आणि घरात बारावी झालेला एकुलता एक मुलगा. अशा बापाने हा प्रश्न विचारणारच. त्याचे उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचा विचार करू. उद्यानविद्या म्हणजे काय, आणि ती शिकण्यासाठी विद्यापीठात चार वर्षे घालवण्याची गरजच काय? आपले आजे-पणजे आंबे लावतच होते, तेव्हा कुठे होते विद्यापीठ?

हंगामी पीक आणि झाड यांतील फरक

बाजरी चुकली तर एक हंगाम जातो. कापूस चुकला तर वर्ष जाते. पुढच्या मृगाला आपण पुन्हा पाटी कोरी करून उभे राहतो. फळझाडाचे तसे नाही. मोसंबी लावली की पाचव्या वर्षानंतर खरे उत्पन्न सुरू होते. सीताफळाला चार-पाच वर्षे लागतात. कलमी आंब्यालाही तेवढीच. लागवडीच्या दिवशी झालेली चूक आपल्याला पाचव्या-सहाव्या वर्षी कळते. तोपर्यंत खड्डे, कलमे, खते, ठिबक, मजुरी आणि पाच उन्हाळ्यांचे पाणी त्यात गेलेले असते.

हंगामी पिकात शेतकरी अनुभवाने शिकतो, कारण दरवर्षी नवी संधी मिळते. पण फळबागेचा अनुभव घ्यायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. उभ्या आयुष्यात माणूस बाग लावून लावून किती वेळा लावणार? दोनदा, फार तर तीनदा. म्हणून फळबागेत दुसऱ्यांचा, आधीच्या पिढ्यांचा, हजारो झाडांवर तपासून पाहिलेला अनुभव आयता मिळवावा लागतो. हा साठवलेला अनुभव म्हणजेच उद्यानविद्या. विद्यापीठात जाऊन शिकायचे ते हे.

आमच्या मोसंबीची गोष्ट

मी हे पुस्तकातून सांगत नाही. आमचे गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोदली. पाणी लागले. दोन वर्षांनी त्यांनी दोन एकरांत मोसंबी लावली, साधारण सव्वादोनशे झाडे. जमीन काळी, कसदार, खोल. गावातली सर्वांत चांगली जमीन म्हणून त्यांनी मोसंबीला तीच निवडली. कलमे एका रोपवाटिकेतून बैलगाडीने आणली. ती कोणत्या खुंटावर बांधली आहेत, हे विचारायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पहिली चार वर्षे बाग दृष्ट लागावी अशी होती. पाचव्या वर्षी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. सहाव्या वर्षी बुंध्यातून डिंक येऊ लागला. वडिलांनी खत वाढवले, पाणी वाढवले. जितके पाणी वाढवले तितकी झाडे लवकर गेली.

त्या वेळी मी परभणीला कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. मृदाशास्त्राच्या तासाला जमिनीचे थर कसे पाहावेत हे नुकतेच शिकवले होते. सुट्टीत घरी आलो तेव्हा एका मेलेल्या झाडाशेजारी कमरेइतका खड्डा घेतला. वरचा दीड फूट काळी माती, त्याखाली पांढुरकी, चिकट, चुनखडीची. फूट-फूट अंतरावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून परभणीला नेली. प्रयोगशाळेत खालच्या थराच्या मातीवर पातळ आम्लाचे थेंब टाकताच ती फसफसली. मुक्त चुना मोसंबीला सोसवेल त्याहून बराच अधिक होता. मोसंबीला तो १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. वर पाण्याचा निचरा नाही. त्यातच आळे बुंध्यालगत, कलमाचा जोड मातीत गाडलेला आणि त्यावर पाणी उभे. डिंक्या रोगाच्या बुरशीला याहून चांगले घर मिळणे कठीण.

मी घरी येऊन हे सगळे सांगितले. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "मग हे लावायच्या आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "लावायच्या आधी मी शिकलो नव्हतो, दादा."

त्यावर ते काही बोलले नाहीत. मोसंबी तोडून तिथे ऊस लावला. पण माझ्या धाकट्या भावाने पुढे बाग लावायची म्हटल्यावर त्यांनी आधी टिकाव घेतला आणि तीन फूट खड्डा खोदून माती पाहिली. त्यानंतर आमच्या घरात माती पाहिल्याशिवाय झाड लागले नाही.

चार वर्षांत काय शिकवतात

उद्यानविद्येची पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची असते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्यांना तिथे प्रवेश मिळतो. मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ परभणी येथे १९७२ साली स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाचे स्वतंत्र उद्यानविद्या महाविद्यालय परभणीलाच आहे. राहुरी, अकोला आणि दापोली ही राज्यातील अन्य तीन कृषी विद्यापीठे होत.

या शिक्षणाचे चार मोठे भाग आहेत. फळशास्त्र, भाजीपाला शास्त्र, फुलशेती व प्रांगण उद्यान, आणि काढणीपश्चात तंत्रज्ञान. त्यांना आधार म्हणून मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, आनुवंशशास्त्र, सिंचन आणि कृषी अर्थशास्त्र हे विषय असतात. पहिल्या वर्षी मुले तक्रार करतात की आम्ही झाडे शिकायला आलो आणि इथे रसायनशास्त्र शिकवतात. तिसऱ्या वर्षी त्यांना त्याचा उलगडा होतो.

एक उदाहरण देतो. डाळिंबावर तेलकट डाग येतात, त्याला आपण तेल्या म्हणतो. अनेक शेतकरी त्यावर एकामागून एक बुरशीनाशके मारत राहतात. तेल्या हा बुरशीचा रोग नाही, तो जिवाणूचा रोग आहे. पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट कलमांतून तो पसरतो. त्याच डाळिंबाची मर होते, ती मात्र मुख्यतः बुरशीमुळे, आणि मुळांना सूत्रकृमींनी जखमा केल्या असतील तर ती वाढते. दोन रोग, दोन कारणे आणि दोन वेगळे उपाय. एवढा फरक समजला तर फवारणीचे किती पैसे वाचतील याचा हिशेब तुम्हीच करा. डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे. पण तिथली शिफारस वाचून आपल्या बागेला लागू करणारा माणूस घरात हवा.

शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. त्याला ग्रामीण कार्यानुभव म्हणतात. शिवाय रोपवाटिका, भाजीपाला उत्पादन किंवा फळप्रक्रिया यांपैकी एखादा उद्योग मुले स्वतः चालवून त्याचा जमाखर्च मांडतात. तुमच्या गावी अशी मुले आली तर त्यांना फक्त तक्ते लावून फोटो काढून परत पाठवू नका. त्यांच्याकडून माती तपासून घ्या, कलमे बांधून घ्या. त्यातून ती शिकतील आणि तुमचेही काम होईल.

वाकड्या सीताफळाचे शास्त्र

आता आपल्या जिल्ह्याच्या फळाकडे येतो. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ कोणी लावले नाही, ते आपले आपण आले. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. अंबाजोगाईला विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. तरीही आपल्यापैकी कितीजणांना सीताफळ वाकडे का होते हे ठाऊक आहे?

टोपलीत एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने चेपलेली फळे तुम्ही नेहमी पाहता. व्यापारी ती बाजूला काढतो. आपण म्हणतो, जातच तशी आहे. खरे कारण फुलात असते. सीताफळ हे एक फळ दिसत असले तरी ते अनेक लहान फळांचा एकत्र जमलेला गोळा आहे. वरून दिसणारा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातील एक स्वतंत्र स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला तो डोळा फुगतो, त्यात गर आणि बी भरते. ज्याला मिळाला नाही तो तसाच राहतो. एका बाजूच्या स्त्रीकेसरांना पराग मिळाला नाही की फळ त्या बाजूने चेपते.

पराग का मिळत नाही? सीताफळाच्या फुलात मादी भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. म्हणजे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी फारसा येत नाही. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर तो नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात. मे महिन्यात कोरडी, तापलेली हवा असते. फुले भरपूर येतात, पण फुलातील ओलावा सुकतो आणि फुले गळून जातात. पाऊस पडून हवा दमट झाली की फळधारणा वाढते, हे तुम्ही दरवर्षी पाहता. त्याचे कारण हे.

आता कारण कळले म्हणजे उपाय सुचतो. सकाळी पराग सुटलेल्या फुलांतून तो गोळा करायचा आणि बारीक कुंचल्याने अर्धवट उमललेल्या, मादी अवस्थेतील फुलांना लावायचा. फळे मोठी आणि गोल येतात. हे काम बायका-मुली उत्तम करतात, कारण त्याला ताकद लागत नाही, नजर लागते. साऱ्या डोंगरावर हे करणे परवडणार नाही. पण घराजवळच्या पाच-पन्नास निवडक झाडांवर करून पाहायला खर्च कुंचल्याचाच आहे.

याच फळाचे दुसरे टोक पाहा. सीताफळ पिकले की दोन-तीन दिवसांत संपते. गर काढून ठेवावा म्हटले तर तो काळा पडतो, आणि आंब्याच्या रसासारखा तापवून टिकवावा तर कडवट होतो. म्हणून सीताफळाचा गर गोठवून ठेवावा लागतो. कोणते फळ तापवायचे आणि कोणते गोठवायचे हा काढणीपश्चात तंत्रज्ञानाचा पहिलाच धडा आहे. तो न शिकता कारखाना काढणाऱ्याचे भांडवल पहिल्याच हंगामात कडू होते.

नवा वाण कसा मिळतो

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि परदेशी यंत्रे. थोडा इतिहास सांगतो. पुण्याला गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा नावाचे उद्यानविद्या तज्ज्ञ काम करत होते. तिथे अलाहाबाद सफेदा या पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांतून १९२७ साली एक झाड निवडले गेले. तोच लखनौ-४९, म्हणजे आपला सरदार पेरू. आळंदी डाळिंबाच्या रोपांतून १९३६ साली असेच एक झाड निवडले. त्याला पुढे १९७० मध्ये गणेश हे नाव मिळाले. या गणेशचा मऊ बियांचा गुण आणि रशियन गुल-ए-शाह रेडचा लाल रंग यांच्या संकरातून राहुरीच्या विद्यापीठाने भगवा हा वाण दिला. १९३६ च्या त्या एका झाडापासून भगव्यापर्यंत सहा दशकांहून अधिक काळ गेला. आज ज्याच्या बागेत भगवा आहे, तो या साऱ्या लोकांच्या नोंदवह्यांचे फळ खातो आहे.

आपल्या जिल्ह्यातील धारूरचे नाव मिरवणारा धारूर-६ हा सीताफळाचा वाणही निवड पद्धतीनेच मिळाला. आणि हे काम फक्त विद्यापीठेच करतात असे नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेतून निवडलेला एनएमके-१ गोल्डन हा सीताफळाचा वाण दूरदूरच्या राज्यांत गेला आहे. निवड करायला नजर लागते आणि नोंद ठेवायला शिस्त लागते. नजर शेतकऱ्याच्या मुलाकडे उपजत असते. शिस्त शिक्षणाने येते. तुमच्या बांधावर एखादे सीताफळ, चिंच किंवा जांभूळ दरवर्षी इतरांहून सरस येत असेल तर त्यावर खूण करा. फुलोरा कधी आला, फळे किती, वजन किती, बिया किती, हे तीन-चार वर्षे लिहा आणि मग संशोधन केंद्राला कळवा.

शिक्षणाच्या वाटा

पदवीसाठी बारावी विज्ञान आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा या दोन्हींची तयारी करावी लागते. प्रवेश केंद्रीय पद्धतीने, गुणानुक्रमे होतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या सवलती, आरक्षण आणि शुल्क यांचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर विसंबू नका. चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला ही कागदपत्रे निकालाच्या आधी काढून ठेवा. केवळ एक दाखला वेळेवर न मिळाल्याने चांगले गुण असूनही जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत.

ज्यांची बारावी विज्ञान शाखेतून झालेली नाही त्यांनी निराश होऊ नये. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांतून पदविका घेता येते. शेती सोडून बाहेर जाणे शक्य नसलेल्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, जे १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले, फळबाग, भाजीपाला आणि फुलशेती या विषयांचे शिक्षणक्रम मराठीतून तयार केले. सध्या कोणते शिक्षणक्रम सुरू आहेत ते जवळच्या अभ्यासकेंद्रावर विचारा. आणि ज्याला हेही जमत नाही त्याच्यासाठी जिल्ह्यात खामगाव आणि अंबाजोगाई येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे कलम बांधणे, छाटणी, रोपवाटिका अशी थोड्या दिवसांची प्रशिक्षणे होतात. पदवीला चार वर्षे लागतात, मृदुकाष्ठ कलम बांधायला शिकायला आठवडा पुरतो. दोन्ही शिक्षणच आहे.

महाविद्यालय निवडताना

आता जरा कडू बोलतो. गेल्या काही वर्षांत कृषी शिक्षणाची महाविद्यालये पुष्कळ निघाली. त्यांत चांगली आहेत, तशी नुसत्या इमारतीची आणि फलकाचीही आहेत. माझ्या एका नातलगाने बैलजोडी विकून मुलाला अशाच एका ठिकाणी घातले. मुलगा चार वर्षांनी पदवी घेऊन आला. मी त्याला कलम बांधायला चाकू दिला. तो म्हणाला, "काका, आम्हाला याची आकृती काढायला होती." दोष त्या मुलाचा नव्हता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी बाप-लेकाने, मायलेकींनी स्वतः जाऊन पाच गोष्टी पाहाव्यात.

१. महाविद्यालय कोणत्या कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि चालू वर्षाच्या प्रवेश यादीत त्याचे नाव आहे काय?

२. महाविद्यालयाची स्वतःची फळबाग आणि रोपवाटिका आहे काय? असल्यास ती पाहायला मागा. मातृवृक्ष कोणते ते विचारा.

३. शिक्षक पूर्णवेळ आहेत की परीक्षेपुरते येतात? हे शिक्षकांना विचारू नका, वरच्या वर्गातील मुलांना विचारा.

४. मागच्या वर्षी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने किती कलमे बांधली आणि त्यांतील किती जगली?

५. वसतिगृह, खानावळ आणि ग्रंथालय धरून चार वर्षांचा एकूण खर्च किती? फक्त पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून परत येऊ नका.

या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर प्रवेश घ्या. उडवाउडवी झाली तर पुढची एसटी पकडा.

मुलींना शिकवा

इथे मागच्या बाजूला बऱ्याच मुली बसल्या आहेत, याचा मला आनंद आहे. मी शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आता वर्गाच्या पुढच्या रांगा त्यांच्याच असतात. शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय पद्धतीने प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तेव्हा "मुलीवर एवढा खर्च कशाला" हे म्हणायलाही आता जागा उरलेली नाही. रोपे भरणे, खुरपणी, वेचणी, प्रतवारी ही बागेतली निम्म्याहून अधिक कामे बायकाच करतात. जी काम करते तिला त्याचे शास्त्रही कळावे, यात विशेष ते काय?

पदवीनंतर

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. नोकरी लागेल का? खरे सांगायचे तर सरकारी नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार. कृषी विभागाची पदे, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, बँकांतील कृषी अधिकारी, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, ठिबक, बियाणे आणि निर्यात कंपन्या, या वाटा आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यालाही आता कृषीविषयक पात्रता लागते. केंद्र शासनाच्या २००२ पासूनच्या कृषी चिकित्सालय योजनेतून पदवीधरांना प्रशिक्षण आणि कर्जसाहाय्य मिळू शकते. परवाना घेऊन चांगली रोपवाटिका काढली तर आपल्या भागात खात्रीच्या कलमांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पण प्रत्येक पदवीधराला नोकरी लागेल असे जो सांगतो तो तुम्हाला फसवतो.

आणि शिक्षणाने काय होत नाही हेही सांगतो. पदवी घेतल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. २०१२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या, त्यांत शिकलेल्यांच्याही होत्या. पण शिकलेल्या माणसाला एवढे कळते की आष्टी-पाटोद्याच्या हलक्या माळावर मोसंबीचा हट्ट धरू नये. तिथे सीताफळ, बोर, चिंच, आवळा ही कमी पाण्याची झाडे शोभतात. पाणी कमी पडणार हे दिसताच किती झाडांवर बहार धरायचा आणि किती झाडे नुसती जगवायची, हे तो डिसेंबरातच ठरवतो. एप्रिलमध्ये टँकरच्या मागे धावत नाही.

१९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, तेव्हापासून खड्ड्याला, कलमांना, ठिबकला या ना त्या योजनेतून अनुदान मिळत आले आहे. पण कोणत्या जमिनीत कोणते झाड लावावे, ही अक्कल कोणत्याच अनुदानात येत नाही. ती घरात असावी लागते.

पालकांना एक विनंती

शेवटी पालकांना एकच सांगतो. मुलगा किंवा मुलगी शिकून सुट्टीला घरी येते आणि म्हणते, "आण्णा, बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळे करा." आपण काय म्हणतो? "तू मला शेती शिकवतोस व्हय?" तिथेच चार वर्षांचे शिक्षण मातीत जाते. मग ते लेकरू शहरात दहा-बारा हजारांची नोकरी धरते, आणि आपण म्हणतो की शिकलेली मुले शेतात राबत नाहीत. राबायला तयार असतात हो, पण त्यांचे ऐकणारे कोणी नसते.

म्हणून माझी विनंती अशी. सगळी शेती त्याच्या हाती देऊ नका, तो लगेच शहाणा झाला असे मीही म्हणत नाही. पण एक एकर त्याच्या हुकमाखाली द्या. तिथे माती त्याने तपासावी, झाड त्याने निवडावे, वही त्याने ठेवावी. पाच वर्षे त्या एकरात आपण हात घालू नये, सल्ला विचारला तरच द्यावा. चुकला तर एका एकरात चुकेल. बरोबर आला तर उरलेल्या चार एकरांना वाट दिसेल.

आणि मुला-मुलींनो, तुम्हीही एवढे करा. पहिल्या सुट्टीत घरी याल तेव्हा भाषण देऊ नका. टिकाव घ्या, बांधाच्या आत तीन फूट खड्डा करा आणि आपल्या बापाला त्याच्याच जमिनीचे थर दाखवा. वर किती काळी, खाली मुरूम कुठे, चुनखडी कुठे. त्यालाही ते माहीत नसते, कारण नांगर तेवढा खोल कधी गेलेलाच नसतो. दोघे मिळून खड्ड्याच्या काठावर बसा आणि मग ठरवा, इथे काय लावायचे.

आमच्या घरी ही गोष्ट सव्वादोनशे झाडे मेल्यानंतर झाली. तुमच्या घरी ती पहिले झाड लावण्याआधी व्हावी, एवढ्यासाठीच मी आज इथवर आलो.